शोधणाऱ्यांसाठी पहिलं पान

दौंडला स्टेशनकडून गावात येणाऱ्या रस्त्यावर, सायकलच्या एका दुकानाच्या माडीवर आमचा कॉम्प्युटर क्लास होता. मी तिथंच शिकले आणि शिकून झाल्यावर तिथंच शिकवायला लागले. दोन हजार सालानंतरची ती पहिली चार-पाच वर्षं. सकाळच्या बॅचला कॉलेजची मुलं असायची, दुपारी अर्ज टाइप करून घेणारे लोक, आणि रविवारी कुरकुंभच्या कंपन्यांमधले परप्रांतीय कामगार मेल बघायला यायचे. मशीन पाच होत्या. इंटरनेट त्यातल्या एकीवरच, तेही टेलिफोनच्या लाइनवरून. एखादं पान उघडायला टाकायचं आणि तोवर खाली जाऊन चहा पिऊन यायचं.

एका दुपारी सिस्टर आमचा अरुंद जिना चढून वर आल्या. रेल्वेच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या या नर्सबाईंना अख्खं गाव सिस्टरच म्हणायचं. निवृत्तीनंतर त्यांनी गावातल्या चार-सहा लोकांना गाठून एक लहानशी संस्था काढली होती. दौंड जंक्शनवर लांबलांबच्या गाड्या थांबतात. त्यातून कधी कधी अशा बायका उतरतात, की ज्यांना आपण कुठं उतरलो हेच कळत नसतं. मन बिघडलेल्या, घर विसरलेल्या, कधीपासून फिरतायत ते सांगता न येणाऱ्या. पोलिसांत नोंद करून सिस्टर त्यांना संस्थेत आणायच्या, न्हाऊ घालायच्या, डॉक्टरांकडून औषध सुरू करायच्या, आणि त्या जरा बोलत्या झाल्या की त्यांच्या घरच्यांचा शोध घ्यायच्या. शिरूरच्या एसटी स्टँडवर सापडलेल्या दोघींनाही पोलीस त्यांच्याकडंच घेऊन आले होते.

सिस्टर खुर्चीत बसून आधी दम खात राहिल्या. मग म्हणाल्या की ठिकठिकाणच्या पोलीस ठाण्यांना पत्रं लिहून त्यांचा हात भरून आलाय. कॉम्प्युटरवर टाकलं की सगळ्या देशाला दिसतं, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मी वेबसाइट करून देईन का, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

मी लगेच हो म्हटलं. मी तोवर एकही वेबसाइट केलेली नव्हती. पण हो म्हणायला माझ्याकडं कारण होतं.

आमचं घराणं धनगराचं, मूळ गाव खुटबाव. आजोबांपर्यंत मेंढरं होती. माझे वडील, त्यांना मी आप्पा म्हणते, ते घरातले पहिले नोकरदार. गाडी स्टेशनात थांबली की लांब दांड्याच्या हातोडीनं तिची चाकं ठोकून बघायची, हे त्यांचं काम. त्यांना एकच बहीण, माझी आत्या. तिला कासुर्डीला दिली होती. तिचं पहिलं मूल आठ दिवसांत गेलं आणि तेव्हापासून ती बोलेनाशी झाली. सासरच्यांनी काही महिने वाट बघितली आणि मग तिला आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आणून सोडलं. मी तेव्हा चौथीत होते.

आत्या माझ्याशी मात्र थोडं बोलायची. शाळा सुटायच्या वेळी ती फाटकाशी येऊन उभी राहायची, माझं दप्तर आपल्या खांद्यावर घ्यायची. चालता चालता जीभ टाळूला लावून ती मेंढरांना हाकारायचा आवाज काढायची. रस्त्याकडेची शेरडं लगेच मान वर करून बघायची आणि मी खूप हसायचे. मग तीही हसायची. घरात ती हसताना कुणी बघितली नव्हती, म्हणून मी घरी जाऊन सगळ्यांना सांगायचे की आज आत्या हसली.

एके दिवशी शाळा सुटल्यावर मी मैत्रिणींबरोबर मागच्या फाटकानं बाहेर पडले. तिथं एक बाई बोरं विकायला बसायची. बोरं खात खात आम्ही दुसऱ्या वाटेनं घरी गेलो. आत्या घरी नव्हती. संध्याकाळपर्यंत आली नाही, आणि पुढं कधीच आली नाही. स्टेशनवरच्या एका हमालानं तिला सोलापूरकडच्या गाडीत चढताना पाहिलं होतं म्हणे. आप्पांनी वर्षभर रजा काढून काढून सोलापूर, गुलबर्गा, वाडीपर्यंतची स्टेशनं पालथी घातली. त्यानंतर ते कुठं गेले नाहीत, पण त्यांच्या कामाची रीत बदलली. चाक ठोकलं की ते वर बघायचे, डब्याच्या खिडकीत. पुढचं चाक, पुढची खिडकी. निवृत्त होईपर्यंत त्यांनी तसंच काम केलं. मागच्या फाटकाचं मी कुणाला सांगितलं नाही.

तर मी वेबसाइट करायला घेतली. संस्थेचे अध्यक्ष कापडाचे व्यापारी होते, सगळे त्यांना शेठ म्हणत. माणूस चांगला. संस्थेच्या खोल्या त्यांच्याच मालकीच्या होत्या आणि त्यांचं भाडं त्यांनी कधी घेतलं नाही. वेबसाइट कशी असावी हे मात्र त्यांनी मनाशी ठरवून ठेवलेलं होतं. वरती जोडलेल्या हातांचं चित्र हवं. ‘आपले सहर्ष स्वागत आहे’ ही ओळ उजवीकडून डावीकडं सरकत राहायला हवी. त्याखाली उद्घाटनाचा फोटो, मग सगळ्या विश्वस्तांचे फोटो हुद्द्यासकट, संस्थेची ध्येयं, संस्थेचा इतिहास, आणि किती लोकांनी पान पाहिलं ते दाखवणारा आकडा. मला त्यात काही खटकलं नाही. माझ्या डोळ्यांपुढच्या सगळ्या वेबसाइट अशाच होत्या. मराठी अक्षरं दुसऱ्याच्या मशीनवर उमटतील याची तेव्हा खात्री नसायची, म्हणून मी सगळा मजकूर चित्रं करून टाकला. फोन नंबर ‘संपर्क’ नावाच्या शेवटच्या पानावर होता.

पान तयार झालं तेव्हा मी आप्पांना बघायला बोलावलं. दुपारची वेळ होती, क्लास रिकामा होता. ते धुतलेला सदरा घालून आले आणि माझ्या शेजारी खुर्चीच्या कडेवर बसले. पान वरून खाली हळूहळू उघडत गेलं. आधी जोडलेले हात, मग सरकणारी ओळ, मग उद्घाटनाचा फोटो पट्ट्यापट्ट्यांनी. फोटोत शेठ फीत कापत होते, आजूबाजूला पाहुणे होते, आणि पार मागं, दाराच्या अंधारात दोन बायका उभ्या होत्या. त्या फोटोत आहेत हे मला तोवर माहीतही नव्हतं.

आप्पा खुर्चीतून पुढं वाकले.

“त्या दारातली बाई जरा मोठी कर की,” ते म्हणाले.

मी फोटो मोठा केला. बाईच्या चेहऱ्याचे नुसते चौकोन झाले. आप्पांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मग विचारलं, बाकीच्या बाया कुठं आहेत? मी म्हटलं, त्या नाहीत यात, हे विश्वस्तांचे फोटो आहेत. त्यांनी विश्वस्तांचे फोटोही एकेक करून बघितले, नीट, घाई न करता. आणि म्हणाले, “चांगलं केलंयस.” मग उठून जिना उतरून गेले.

मी तिथंच बसून राहिले. सिस्टरांकडच्या सगळ्या बायका आप्पांनी संस्था निघाली त्याच महिन्यात जाऊन पाहिल्या होत्या, नवी कुणी आली की तिलाही बघून यायचे. आत्या तिथं नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी ते पडद्यापुढं वाकले होते. मग लांब कुठंतरी, स्टेशनाजवळच्या सायबर कॅफेत, भाच्याला नाहीतर शेजाऱ्याला सोबत घेऊन बसलेला माणूस या पानावर काय शोधेल, हा विचार मी एवढ्या दिवसांत एकदाही केला नव्हता. त्याला फीत कापणारे हात काय कामाचे? तो किती वेळ बसू शकेल? शेवटच्या पानावरच्या नंबरापर्यंत तो पोचेल तरी का?

दुसऱ्या दिवशी मी संस्थेत गेले आणि सिस्टरांना म्हटलं की पहिल्या पानावर बायकांचे फोटो टाकू या. सिस्टर तांदूळ निवडत होत्या, त्यांच्या शेजारी बसून दोघी-तिघी तेच करत होत्या. सिस्टरांनी नाही म्हणून मान हलवली.

“विचारल्याशिवाय टाकायचे नाहीत. आणि विचारलं तर त्या हो म्हणतील, मला त्याचीच भीती वाटते. मी भाकरी घालते, त्यामुळे मी काहीही विचारलं तरी त्या हो म्हणतात.”

मग ओळखायचं कशावरून, मी विचारलं. सिस्टरांनी शेजारच्या बाईकडं बघितलं आणि म्हणाल्या की चेहरा तर बदलतोच गं, उन्हानं, उपासानं. बाकी पुष्कळ काही बदलत नाही.

त्यानंतरचे दोन महिने मी रोज दुपारी संस्थेत जाऊन बसत होते. त्या दुपारींची आठवण आली की अजूनही मला कुठलंही काम सुचत नाही. मोठी पडवी, गोणपाटाचे पडदे, एकीकडं शिजणाऱ्या डाळीचा वास. मी काही न विचारता नुसती बघत बसायचे आणि वहीत लिहायचे. एक बाई भाकरी आधी चार बोटांनी मोजून मगच तोडायची. एकीला रेडिओवर बातम्या लागल्या की उभं राहायची सवय होती. एक तेलुगू बोलायची आणि रोज सकाळी उठून, आणि पुन्हा दुपारीही, दारापुढची जमीन झाडून बोटानं ठिपके आणि रेघा काढायची, पीठ नसलं तरी नुसत्या मातीत. शिरूरहून आलेल्या एकीला प्रत्येक ओढणीच्या टोकाला बारीक गाठ मारायची असायची. ज्यांना कळत होतं त्यांना सिस्टर विचारायच्या, हे लिहिलं तर चालेल का. एकीनं नको म्हटलं. तिच्याबद्दल आम्ही काही लिहिलं नाही.

पान मी नव्यानं मांडलं. पांढरं, काही न हलणारं. सगळ्यात वर एकच ओळ: तुम्ही घरच्या माणसाला शोधताय का? त्याखाली संस्थेचा फोन नंबर, मोठ्या आकड्यांत. त्याखाली एकेकीबद्दल चार-चार ओळी, नाव नाही, चेहरा नाही: कधी सापडली, वय अंदाजे, कोणती भाषा बोलते, कशी वागते. त्यानंतर दुसरा प्रश्न, तुम्हाला कुणी सापडलंय का, आणि पुन्हा तोच नंबर. संस्था कुणाची, कशी चालते, हे दुसऱ्या पानावर. सगळा मजकूर हिंदीतही मी स्वतः लिहिला. वरची ओळ तेलुगूत लिहायला मात्र रविवारी मेल बघायला येणाऱ्या कुरकुंभच्या एका कामगाराला विनंती केली. त्यानं वहीच्या कागदावर चार वेळा लिहून बघितलं, पाचव्यांदा अक्षर मनासारखं आलं. तो कागदच मी स्कॅन करून तसाच पानावर लावला. घड्याळ लावून बघितलं तर सगळं पान आता पाणी पिऊन येईपर्यंत उघडत होतं.

शेठना दाखवायचा दिवस मला अवघड गेला. त्यांनी पान खालपर्यंत नेलं, पुन्हा वर आणलं, आणि विचारलं की संस्था कोण चालवतं हे लोकांना कळायला नको का. सिस्टर म्हणाल्या, “शेठ, ते नंतर कळलं तरी चालेल.” शेठ उठून निघून गेले. पुढचा आठवडाभर ते संस्थेकडं फिरकलेही नाहीत. मग एक दिवस त्यांचा दुकानातला माणूस नवा टेलिफोन घेऊन आला. जुन्याची घंटी पडवीत ऐकू येत नाही, असा निरोप त्याच्याबरोबर होता.

पान सुरू झाल्यावर आप्पा पुन्हा बघायला आले. सगळं शांतपणे बघून झाल्यावर त्यांनी विचारलं, ज्यांची माणसं हरवलीत त्यांनी आपली माहिती यात टाकायची असेल तर? मी म्हटलं, तशी जागा करता येईल. तर मग कर, ते म्हणाले, आणि आपल्या बहिणीबद्दल सांगायला लागले. वय तेव्हा चोवीस, आता छत्तीस. उजव्या हातावर भावाचं नाव गोंदलेलं. इथं ते थांबले आणि म्हणाले, माझं नाव लिही. बोलत नाही, पण मेंढरांना हाकारल्यासारखा आवाज काढते. मी टाइप करत गेले. शेवटी प्रश्न आला: शेवटची कुठं दिसली? आप्पा म्हणाले, स्टेशनात.

माझी बोटं थांबली. बारा वर्षं जे बोलले नव्हते ते मी तिथं, त्या रिकाम्या क्लासात बोलले. ती शाळेच्या फाटकाशी उभी असणार, मी मागच्या फाटकानं गेले, मला बोरं घ्यायची होती.

आप्पा पडद्याकडंच बघत होते.

“मला ठावं हाय,” ते म्हणाले. “बोरंवालीनं तवाच सांगितलं हुतं.”

“मग मला कधी बोलला का नाहीत?”

“तू ल्हान हुतीस. आन् बोलून काय ती येणार हुती का?” मग पडद्याकडं बोट करून म्हणाले, “लिही. शाळंच्या दारात.”

तसं मी लिहिलं.

सिस्टरांनी पानाचा पत्ता आणि फोन नंबर पोस्टकार्डांवर लिहून स्टेशनास्टेशनांवर आणि ओळखीच्या संस्थांना धाडला होता. पहिले काही महिने फोन आले ते संस्थेची चौकशी करणारे नाहीतर चुकून लागलेले. मग पावसाळा संपता संपता सिकंदराबादहून एका माणसाचा फोन आला. तिथल्या एका समाजसेविकेनं त्याला कॅफेत नेऊन पान दाखवलं होतं. त्याला फक्त वरची तेलुगू ओळ वाचता आली, बाकीचं तिनं वाचून दाखवलं. मातीत ठिपके काढणारी बाई आपली बहीण असावी, असं त्याला वाटत होतं.

तो तीन दिवसांनी आला. मी आप्पांना काही सांगितलं नव्हतं, तरी ते आधीच संस्थेच्या ओट्यावर येऊन बसले होते. बहिणीनं भावाला लगेच ओळखलं नाही. ती त्याच्याकडं बघून आत गेली, बऱ्याच वेळानं बाहेर आली आणि त्याच्या कपाळावरच्या जखमेच्या जुन्या खुणेवर बोट ठेवलं. कुणी मोठ्यानं रडलं नाही. सिस्टर तिची औषधं आणि कागदपत्रं समजावून सांगायला लागल्या, मी हिंदीत सांगत होते, तो मान डोलवत होता. नंतर तो येऊन आप्पांच्या शेजारी बसला. आप्पांना तेलुगू येत नव्हतं, त्याला मराठी येत नव्हतं. आप्पांनी त्याला तंबाखू मळून दिली. गाडीच्या वेळेपर्यंत दोघं तिथं बसून होते. एकदाच आप्पांनी मला हाक मारून त्याला विचारायला सांगितलं, की तुला किती वर्षं लागली. तो म्हणाला, सहा. आप्पांनी ते ऐकलं आणि मान हलवली.

त्या पानामुळं आणखी तिघी घरी गेल्या. आत्याबद्दल विचारणारा फोन आला नाही. दर वर्षी दिवाळी झाली की आप्पा क्लासात यायचे, कामाचं काही नसल्यासारखं इकडचं तिकडचं बोलायचे, आणि निघताना म्हणायचे, “तिचं एक वय वाढव.” मी छत्तीसचे सदतीस करायचे, सदतीसचे अडतीस.

नंतर सिस्टर थकल्या. गुडघे चालेनात तशा त्या आपल्या भावाकडं राहायला गेल्या. उरलेल्या बायकांना पुण्याजवळच्या एका मोठ्या संस्थेनं घेतलं. मीही तोवर लग्न करून पुण्याला आले होते, वेबसाइट करणाऱ्या कंपनीत लागले होते. एक दिवस पान उघडून बघितलं तर ते नव्हतं, पडद्यावर नुसती दोन ओळींची इंग्रजी सूचना. पानाच्या पत्त्याची मुदत संपली होती आणि ती वाढवायची आठवण कुणालाच राहिली नव्हती, मलाही. आप्पांना मी फोनवर सांगितलं. ते म्हणाले, व्हय का, आणि विचारलं की तिकडं पाणी वेळेवर येतं का.

कंपनीत आता आम्ही मोठ्या मोठ्या संस्थांची पानं करतो. बैठकीत पहिल्या पानावर काय असावं याची चर्चा चालते, कुणाला कुणाचा फोटो मोठा हवा असतो, आणि मला ती पडवी आठवते, मांडीवर वही ठेवून मी बसले आहे, कुणी मातीत रेघा काढतंय, सिस्टर आतून विचारतायत की डाळीला फोडणी देऊ का आता. तिथं परत जाऊन बसावंसं फार वाटतं. जायला ती जागा आहे, बाकी काही नाही.

मागच्या खेपेला दौंडला गेले तेव्हा मी जाऊन बघितलंच. शेठनी खोल्या शिवणक्लासला दिल्या आहेत. शिकवणाऱ्या बाई शिरूरच्या, बोलक्या. मी कोण ते सांगितल्यावर त्यांना एकदम आठवलं.

“तरीच,” त्या म्हणाल्या. “हा फोन शेठनी तसाच ठेवलाय ना, त्यावर एकदा कोणीतरी हिंदीत बोलत होतं. बाई सापडली का, असं काहीतरी विचारत होतं. मी राँग नंबर म्हणून ठेवून दिला.”

मी विचारलं, कधी. त्यांना सांगता आलं नाही, दोन महिने झाले असतील किंवा चार. आवाज कसा होता? वयस्कर माणसाचा. कुठून बोलतो म्हणाला? ते त्यांनी विचारलंच नव्हतं. त्यांचं काही चुकलं नव्हतं, त्यांना कुणी काही सांगितलेलंच नव्हतं.

कापड बेतायचा खाकी कागद होता, त्यातला एक तुकडा मी मागून घेतला. त्यावर मोठ्या अक्षरात, मराठीत आणि हिंदीत लिहिलं, की हरवलेल्या बाईची चौकशी करणारा फोन आला तर ठेवून देऊ नये, हा नंबर सांगावा. खाली पुण्याजवळच्या त्या संस्थेचा नंबर लिहिला, त्याखाली माझा. टेलिफोनच्या वर भिंतीला तो चिकटवताना शिवणाऱ्या मुली मशीन थांबवून बघत होत्या.

“किती दिवस ठेवू?” बाईंनी विचारलं.

मी म्हटलं, असू द्या.